वाटाण्याएवढी गोष्ट

"दूधवाली केस कुठाय?" वॉर्डमामांनी दारातूनच आरोळी ठोकली, आणि बाकावरच्या बाई चटकन उठल्या. इतक्या चटकन की डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि भिंतीचा आधार घ्यावा लागला.

शेजारी बसलेल्या मुलीने मोबाइलमधून मान वर केली. "तुला दूधवाली म्हणतात इथे?"

"म्हणतात."

"तुला?"

त्या दोन अक्षरांत मुलीने आपला सगळा जन्म बसवला होता. बाईंनी पदर सारखा केला आणि काही न बोलता मामांच्या मागे चालू लागल्या. मुलगी उठली, पण सावकाश. तिला सातवा महिना होता, आणि बसण्याउठण्याचं वेळापत्रक आता तिच्या हातात राहिलं नव्हतं.

त्या मोठ्या इस्पितळात वर्षातून एकदा डॉक्टर होऊ घातलेल्या मुलामुलींची तोंडी परीक्षा असे. परीक्षेला पेशंट लागत, आणि ते असेतसे चालत नसत. आजार ठसठशीत हवा, पण पेशंट परीक्षा संपेपर्यंत टिकणारा हवा. बोलका हवा, पण आजाराचं नाव फोडणारा नको. असे गुणी पेशंट शोधून काढायला दुप्पट पगार मिळाला पाहिजे असं मामांचं मत होतं, आणि मिळतो तो पगार अर्धाच आहे असंही. म्हणून एकदा सापडलेला पेशंट ते सोडत नसत. दर वर्षी निरोप जाई, गाडीभाडं मिळे, दुपारचं जेवण मिळे, आणि एरवी ज्या शरीराने आयुष्यभर छळलं त्याच्याकडे चार शिकलेली माणसं आदराने बघत.

नावाने तिथे कुणी कुणाला ओळखत नसे. खिडकीजवळच्या पलंगावर प्लीहावाले आजोबा होते. त्यांची वाढलेली प्लीहा चाचपून डॉक्टर झालेले विद्यार्थी आता स्वतः परीक्षक होऊन येत, आणि आजोबा त्यांना "हात अजून गारच आहेत तुझे" असं ऐकवत. त्यांच्यापलीकडे हृदयाच्या झडपेवाल्या मावशी. त्यांच्या छातीतला आवाज ऐकताना विद्यार्थी डोळे मिटत, तेव्हा मावशीही भक्तिभावाने डोळे मिटून घेत.

या मंडळींत दोन जाती होत्या. 'मोठी केस' आणि 'छोटी केस'. मोठ्या केसला स्वतंत्र पलंग, भोवती पडदा, आणि एक अख्खा विद्यार्थी. छोट्या केसला स्टूल. विद्यार्थी येणार, एक अवयव बघणार, पुढे जाणार. बाई पहिली काही वर्षं मोठ्या केसमध्ये होत्या. गेल्या वर्षी मात्र बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "बाई तर ठणठणीत दिसतायत. मुलं ओळखणार काय, कपाळ?" आणि बाईंना स्टूल मिळालं. बरं झाल्याबद्दल इतका अपमान कुणाचा झाला नसेल.

"जुन्या खोडांनी काय करायचं ते मी सांगतो," तेव्हा आजोबा म्हणाले होते. "परीक्षेआधी चार दिवस गोळी सोडायची. आजार कसा उठून दिसतो!"

"डॉक्टर ओरडतील ना?"

"डॉक्टरांना सांगायला जातंय कोण?"

ही तिथल्या मुरलेल्या केसेसची जुनी रीत होती. सूजवाला सुजेची गोळी सोडायचा, दमेवाला पंप घरी विसरायचा. परीक्षा ही इस्पितळाची एकट्याची नाही, आपलीही आहे, असं त्यांना मनापासून वाटे.

बाईंनी यंदा तेच केलं होतं. पण त्यांना पलंगाची हौस नव्हती. त्यांना आपला आजार कुणीतरी मोठ्याने, स्पष्ट शब्दांत, मुलीच्या देखत सांगायला हवा होता. तेवढ्यासाठी त्यांनी "सोबत घरचं माणूस पाहिजे असा नियम आहे" अशी थाप मारून मुलीला इथवर आणलं होतं.

गोष्ट अशी होती. मुलगी झाली आणि बाईंना दूध आलं नाही. घरात त्याच सुमारास मोठ्या जावेचंही बाळंतपण झालेलं. तिने आपल्या मुलाबरोबर या मुलीलाही अंगावर पाजलं. इथवर सगळं बरं होतं. पण जाऊ पाजायची ते पाजायची आणि सांगायचीही. मुलगी मोठी झाली ती काकूच्या मांडीवर बसून हेच ऐकत. "तुझ्या आईला तुझं काही नव्हतं गं. झोपून असायची. हिवाळा नाही, काही नाही, पांघरूण घेऊन. जवळ घ्यायचाच कंटाळा." आणि ते डोळ्यांना दिसतच होतं. बाई खरंच झोपून असत. भर उन्हात त्यांचे पाय गार पडत. शाळेच्या गणवेशाची कामं घेत, पण एक बाही लावली की मशीनवर डोकं टेकत. नवरा होता तोवर म्हणायचा, "हिला आळसाचं बक्षीस द्या." तो विनोद घरात इतका रुजला की तो गेल्यावरही राहिला.

अशी वीसेक वर्षं गेली. मग एकदा बाई मशीनवरच कोसळल्या, आणि इस्पितळातल्या एका पोरसवदा डॉक्टरीणबाईने त्यांना बाकी काही न विचारता एकच विचारलं, "शेवटच्या बाळंतपणानंतर दूध आलं होतं का हो?" हे वाक्य बाईंनी आयुष्यभर ऐकलं होतं, पण आरोप म्हणून. प्रश्न म्हणून ते पहिल्यांदाच ऐकलं. त्या इतक्या रडल्या की डॉक्टरीणबाईने घाबरून पेन खाली ठेवलं.

मग गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात बाईंनी घरातले सगळे पडदे धुतले आणि शेजारणीचेही मागितले. पण मुलीला हे सगळं समजवायचं कसं? "डोक्यात आत वाटाण्याएवढी एक गाठ असते, ती तुझ्या वेळी वाळून गेली," असं बाई एकदा इस्त्री करता करता म्हणाल्या. मुलगी एका कंपनीत लोकांच्या तक्रारींचे फोन घेण्याचं काम करी, त्यामुळे घरी आल्यावर ती कुणाचं ऐकत नसे. ती मोबाइलमध्ये बघतच म्हणाली, "बरं. म्हणजे आता सगळं डोक्यावर ढकललंस."

आणि आता बाळंतपणासाठी ती काकूकडे जाणार होती. ठरलं होतं. "काकूला लहान बाळाची सवय आहे," ती म्हणाली होती. बाईंना बाळाची सवय नाही हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

उतरलेला चेहरा बघून यंदा बाईंना पुन्हा पलंग मिळाला होता. पडदा सरकला आणि त्यांच्या वाट्याचा विद्यार्थी आत आला. किडकिडीत, गळ्यात टाय. टाय दुसऱ्याचा असावा, कारण तो त्याच्यापेक्षा जास्त आत्मविश्वासाने लटकत होता.

"नमस्कार मावशी. काय त्रास होतो?"

"थकवा येतो. थंडी वाजते. चक्कर येते," बाईंनी पाठ म्हटलं. आज ते पाठ म्हणावं लागत नव्हतं. सकाळपासून पोटात मळमळत होतं आणि विद्यार्थी मधूनच दोन दिसत होते, दोघांचे टाय वाकडे.

टायवाल्याने प्रश्नांची माळ सोडली. भूक लागते का, झोप लागते का, पाणी कुठलं पिता, घरात कुणाला मधुमेह आहे का. बाई वाट बघत होत्या. हा आता विचारील, मग विचारील. नाव सांगायचं नाही अशी मामांची सक्त ताकीद होती. पण वाट दाखवायला हरकत नव्हती.

"मुलगी आहे मला. ही बघा," बाई म्हणाल्या.

"हो का. छान," टायवाला म्हणाला. "जनावरं पाळलीत का घरात?"

"हिच्या वेळी फार रक्त गेलं माझं. बादलीभर."

"अरे बापरे. बरं, आणि उंदीर?"

"उंदीर काय?"

"आहेत का घरात?"

मुलीला हसू फुटलं, पण ते अर्ध्यावर थांबलं. "बादलीभर रक्त? हे मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं. तू फोनवर होतीस."

"तुमची पाळी नियमित?" टायवाल्याने वहीकडे बघत विचारलं.

बाईंनी पटकन मान वर केली. आला, जवळ आला. "नाही. हिच्यानंतर कधी आलीच नाही."

"कधीच?" टायवाल्याच्या कपाळावर आठी पडली. त्या आठीत काहीतरी उजाडू लागल्याचं बाईंना दिसलं. त्यांना म्हणायचं होतं, शाबास, आता पुढचा प्रश्न विचार. त्यांनी उशीवरून थोडं पुढे होऊन म्हणायला तोंड उघडलं, आणि तोंडातून शब्दाऐवजी सकाळचा चहा बाहेर आला. तो टायवर पडला. मग पलंगाची एक बाजू वर उचलली गेल्यासारखी झाली आणि बाई दुसऱ्या बाजूने घसरत खाली निघाल्या.

टायवाल्याच्या नावावर एक गोष्ट लिहून ठेवली पाहिजे. त्याने टाय पुसला नाही. त्याने बाईंना धरलं, आडवं केलं, मनगट चाचपलं, दुसरं मनगट चाचपलं, आणि मग परीक्षेत आवाज चढवू नये हा नियम मोडून ओरडला, "मॅडम! नाडी लागत नाहीये!"

यानंतरचं बाईंनी पाण्याखालून ऐकल्यासारखं ऐकलं. पावलं. ट्रॉलीची चाकं. कुणीतरी त्यांच्या पापणीची आतली बाजू बघितली, काख बघितली, गालावरची कोरड्या कागदासारखी कातडी बोटाने ताणून बघितली. मग एक ठसकेबाज बायकी आवाज आला. बाहेरगावच्या परीक्षक मॅडमचा. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, आणि साऱ्या कॉलेजला धाक वाटेल अशा.

"साखर बघा. सलाइन लावा. गोळ्या कधीपासून बंद आहेत हिच्या?"

"कसल्या गोळ्या?" मुलगी म्हणाली.

मॅडमनी मान वर करून तिच्याकडे बघितलं.

"तू मुलगी ना हिची?"

"हो."

"आणि कसल्या गोळ्या म्हणतेस?"

बाईंनी सगळा जोर लावून ओठ हलवले. "चार... दिवस."

"का बंद केल्या?"

"केस... चांगली दिसावी म्हणून."

मॅडमनी अनेक वर्षं परीक्षा घेतल्या होत्या आणि वाटेल ती उत्तरं पचवली होती. या उत्तरावर मात्र त्यांना पुढचा प्रश्न सुचला नाही. खिडकीजवळच्या पलंगावर आजोबांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"इंजेक्शन द्या. आत्ता, शिरेतून," मॅडम म्हणाल्या. "आणि तू टायवाल्या, इकडे ये, पळू नकोस. ओळख."

"मॅडम, यांची... पाळी गेलीय. रक्त गेलं होतं बाळंतपणात. रक्तदाब नाही. म्हणजे मॅडम, पीयूषिका?" तो नापास होण्याच्या बेताने म्हणाला, आणि बरोबर म्हणाला.

"पीयूषिका ग्रंथी. किती मोठी असते?"

"वाटाण्याएवढी."

बाईंच्या कानात तो शब्द पोचला आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर उतरलं. मुलीला तो शब्द ओळखीचा वाटला की नाही हे त्यांना दिसत नव्हतं. डोळे उघडायची ताकद नव्हती.

"कुठे असते?"

"मेंदूच्या खाली, हाडाच्या खोबणीत. नाकाच्या मागे साधारण."

"आता मी बोलते, तू ऐक," मॅडम म्हणाल्या. त्यांचं एक बोट बाईंच्या नाडीवर होतं आणि आवाज खाली आला होता, एखाद्याच्या घरात झोपलेलं मूल असावं तसा. "पोट राहिलं की ही ग्रंथी फुगायला लागते. मूल पोटात, तयारी डोक्यात. बाळ जगात यायच्या आधी वरती त्याच्या दुधाची सोय चाललेली असते. पण तिला रक्त पुरवणाऱ्या वाटा बारीक. ग्रंथी वाढते, वाटा तेवढ्याच राहतात. आणि ऐन बाळंतपणात बादलीभर रक्त गेलं तर?"

"तिला मिळत नाही."

"ती तहानेने मरते. आई वाचते, बाळ वाचतं, आणि ही आत चुपचाप मरते. बाहेर कुणाला पत्ता नाही. रडायला कुणी नाही. पहिली खूण काय?"

टायवाल्याने वही चाळली.

"हे विचारलंस का हिला?"

"नाही मॅडम. मी उंदरांचं विचारलं."

"मॅडम," मुलगी मध्येच म्हणाली. तो तिचा ऑफिसातला आवाज होता, तक्रार नीट समजून घेणारा, चढउतार नसलेला. "दूध न येणं तिच्या हातात होतं का? म्हणजे, मनात असतं तर आलं असतं का?"

"मनात?" मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या पोटाकडे. "बाळा, मनात असलं की सकाळी अंथरुणातून उठता येतं, असं तुला वाटतं ना? ते उठवणारं रसायनसुद्धा याच ग्रंथीच्या हुकमाने बनतं. अंगातली ऊब हिच्या हुकमाने. पाळी, दूध, दुखण्याशी झगडायची ताकद, सगळं. हुकूम देणारी मेली की हात, पाय, काळीज सगळं शाबूत असतं आणि कुणी कामाला लागत नाही. किती वर्षं होती ही गोळीशिवाय?"

"माझ्या जन्मापासून. मी विशीत असताना ती मशीनवर कोसळली, तोवर बहुतेक."

"काय करायची?"

"काही नाही. झोपायची," मुलगी सवयीने म्हणाली. मग थांबली. "म्हणजे, शिवायची. गणवेश. सगळ्या शाळेचे. माझी फी त्यातूनच." पुन्हा थांबली. "डबा असायचा माझा. रोज."

मॅडमनी नाडीवरचं बोट काढलं नाही. "मी हा आजार शिकवते," त्या म्हणाल्या. "उद्या कुणी मला परीक्षेत विचारलं की या अवस्थेत माणूस इतकी वर्षं उभा कसा राहतो, तर मी नापास होईन. मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की साध्या तापाने, एका जुलाबाने ही कधीही गेली असती." आणि मग, टायवाल्याला, "हे लिहू नकोस. नुसतं बघ."

सलाइनचे थेंब पडत राहिले.

बाईंना आधी कळलं ते बोटांच्या टोकांत. गावभर गेलेली वीज परत येताना आधी एक दिवा लागतो, मग पलीकडच्या घरात एक, तसं काहीतरी अंगात चाललं होतं. तळपाय. पोटऱ्या. पोटातली मळमळ ओसरली. छतावरच्या पंख्याच्या पात्या, ज्या मघाशी एक राखाडी चकती झाल्या होत्या, त्या पुन्हा सुट्या दिसू लागल्या. एका लहानशा बाटलीतलं औषध, त्यांच्या स्वतःच्या शरीराने जे रोज फुकट बनवायला हवं होतं ते, शिरेतून चढत होतं आणि एकेका पेशीला उठवत होतं. गोळ्यांनी पडदे धुतले तेव्हा त्यांनी याचं नवल केलं नव्हतं. तेव्हा वेळच नव्हता. आता आडव्या पडून, दुसरं काही करता येत नसल्याने, त्यांनी ते केलं. एवढीशी गोष्ट, आणि तिच्यावर अख्खं माणूस उभं.

मुलीचा मोबाइल वाजला. स्क्रीनवर नाव 'काकू'. मुलीने ते बघितलं, वाजू दिलं, आणि मग आवाज बंद करून मोबाइल पर्समध्ये टाकला.

"तिच्यावर रागावू नकोस," बाई क्षीणपणे म्हणाल्या. "तिने पाजलंय तुला. ते खरं आहे."

"तू बोलू नकोस."

"आणि खोटं ती बोलली नाही. तिला दिसलं तेच बोलली."

"आई, बोलू नकोस म्हटलं ना," मुलगी म्हणाली आणि पायाशी सरकलेली चादर वर ओढून तिने आईच्या तळपायांना हात लावून बघितला. गार आहेत का ते. हात तिथेच राहिला.

मॅडम जायला निघाल्या. जाताना बाईंजवळ वाकून म्हणाल्या, "पुन्हा गोळी सोडलीत तर केस म्हणून नाही, पुतळा म्हणून उभी करीन दारात. कळलं? आणि त्या आजोबांनाही सांगा, चादरीखालून ऐकू येत असेल तर." चादर हलली. "यांना दोन दिवस इथेच ठेवायचं. परीक्षा संपली यांची."

"आणि माझी, मॅडम?" टायवाल्याने विचारलं. तो अजून तिथेच उभा होता, डाग पडलेला टाय एका हातात धरून.

"तुझी अर्धी राहिलीय. पेशंटला त्रास द्यायचा नाही. उरलेली माहिती नातेवाइकांकडून घे."

मॅडम गेल्या. टायवाला स्टुलावर बसला, वही गुडघ्यावर घेतली. बाईंनी डोळे मिटून घेतले, कारण आता जे व्हायचं ते उघड्या डोळ्यांनी बघवलं नसतं. मुलीने 'मला माहीत नाही' म्हटलं तरी ते खरंच असणार होतं. 'काकूला विचारा' म्हटलं तरी.

टायवाल्याने घसा खाकरला. या वेळी त्याने उंदरांचं नाव काढलं नाही.

"बाळंतपणानंतर यांना दूध आलं होतं का?"

पलंगाजवळच्या ट्रॉलीवर कुणीतरी एक वाटी ठेवली. मुलीने आईची पावलं चादरीखाली घेतली.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे, पाजायचा प्रयत्न केला नव्हता?"

"केला. जवळ घेऊन बसायची. काही यायचं नाही, तरी घ्यायची. मी रडायचे, मग तीही रडायची. मग हातपाय गळून जायचे तिचे, आणि दुसऱ्या कुणीतरी मला उचलून न्यायचं. तिच्या हातातून. रोज."

टायवाल्याचं पेन भराभर चाललं होतं. ते थांबलं. "सॉरी, पण परीक्षेत विचारतात म्हणून विचारतो. ही माहिती तुम्हाला कुणी दिली?"

"कुणी नाही," मुलगी म्हणाली. "मी होते ना तिथे."

त्याने थोडा विचार केला. अशा साक्षीदाराविषयी शिकवल्याचं त्याला आठवेना. मग त्याने ते लिहून घेतलं, आणि पुढचा प्रश्न विचारण्याआधी उठून पलंगाभोवतीचा पडदा नीट ओढून घेतला, आणि स्वतः पडद्याबाहेर उभा राहिला.